एकाच कंपनीच्या दोन ‘राण्या’ : क्वीन मेरी २ आणि क्वीन एलिझाबेथ यांच्यात नेमका फरक काय?

काळपट अंग, त्यावर पांढरेशुभ्र मजले आणि सगळ्यात वर लाल धुराडं. क्युनार्ड या ब्रिटिश कंपनीची जहाजं लांबूनही ओळखू येतात ती या रंगांमुळे. पण त्याच रंगांमुळे घोळही होतो. फोटो ‘क्वीन मेरी २’चा आणि खाली नाव ‘क्वीन एलिझाबेथ’चं, असं सहज होऊ शकतं. दोन्हींचं नामकरण राणी एलिझाबेथ द्वितीय यांच्याच हस्ते झालेलं, एकीचं जानेवारी २००४ मध्ये आणि दुसरीचं ऑक्टोबर २०१० मध्ये. दोन्हींवर दुपारचा चहा, बॉलरूममधला नाच आणि कोट-टायची संध्याकाळ. मग फरक फक्त आकाराचा आहे का?

तर नाही. क्वीन एलिझाबेथ हे क्रूझ जहाज आहे. क्वीन मेरी २ हे ‘ओशन लायनर’ आहे, आणि नियमित प्रवासी सेवेत असलेलं आज ते जगातलं एकमेव ओशन लायनर मानलं जातं.

लायनर म्हणजे काय, हे आपल्याकडच्या उदाहरणाने पटकन कळेल. एसटीची ठरलेली फेरी आणि सहलीसाठी ठरवलेली खासगी बस, दोन्ही बसच. पण सहलीच्या बसला घाटात दरड कोसळल्याचं कळलं तर ती रस्ता बदलते किंवा मुक्काम वाढवते. एसटीला शक्यतो त्याच रस्त्याने, वेळेवर पोहोचायचं असतं. समुद्रातही तसंच. क्रूझ जहाज वादळाचा अंदाज पाहून एखादं बंदर गाळू शकतं. लायनरचं काम महासागर ओलांडून ठरलेल्या दिवशी पलीकडे पोहोचण्याचं. क्युनार्डचा धंदाच त्यातून उभा राहिला. १८४० मध्ये सॅम्युअल क्युनार्ड यांनी ब्रिटन आणि उत्तर अमेरिका यांच्यात टपाल नेणारी नियमित आगबोट सुरू केली. १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानं सुरू झाली आणि लायनरचा जमाना ओसरला. त्यामुळे नव्या शतकात पुन्हा एक लायनर बांधायचं हा निर्णय व्यवहारापेक्षा हौसेचा वाटावा असाच होता.

ही जबाबदारी आली जहाजरचनाकार स्टीफन पेन यांच्याकडे. त्यांच्यासमोरचा प्रश्न एकच होता : उत्तर अटलांटिक. साउदम्प्टन ते न्यूयॉर्क हा सुमारे ५,८०० किलोमीटरचा पट्टा हिवाळ्यात भयंकर खवळतो. क्वीन मेरी २ची जवळपास प्रत्येक गोष्ट या एका समुद्राकडे बघून ठरली आहे.

सगळ्यात आधी आकार. नुसतं मोठं असणं नव्हे, तर पाण्याखालची घडण. आजची बहुतेक क्रूझ जहाजं पाण्याखाली बरीचशी खोक्यासारखी असतात, कारण खोक्यात खोल्या जास्त बसतात. मेरीचा पुढचा भाग मात्र लांबट, निमुळता आणि लाट कापत जाणारा आहे. पुढच्या डेकवर चढून आलेलं पाणी फोडून बाजूला सारायला भक्कम पोलादी आडोसा आहे. अंगाला पोलादही तेवढ्याच आकाराच्या क्रूझ जहाजापेक्षा बरंच जास्त लागलं. हा खर्च प्रवाशाला दिसत नाही, पण जहाजाच्या किमतीत तो असतोच.

वेगाचं गणितही असंच. मेरी जास्तीत जास्त ३० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेगाने जाऊ शकते. एलिझाबेथ २४ नॉटच्या आत राहते. आता सात रात्रींच्या संथ प्रवासाला एवढा वेग कशाला, असं कोणीही विचारेल. रोज तो लागतच नाही. वादळामुळे अर्धा दिवस वाया गेला तर तो भरून काढण्यासाठी ही राखीव ताकद आहे. त्यासाठी डिझेल इंजिनांच्या जोडीला दोन गॅस टर्बाइन बसवली आहेत, तीही तळाशी नाही तर वर, धुराड्याच्या पायथ्याशी, कारण त्यांना प्रचंड हवा लागते. जहाज ढकलायला मेरीला चार प्रोपेलर-पॉड आहेत, दोन स्थिर आणि दोन फिरणारे. एलिझाबेथचं काम दोन पॉडवर भागतं.

सर्वात बोलका फरक लाइफबोटींचा आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे त्या पाण्यापासून फार उंच नसाव्यात, म्हणजे माणसं लवकर खाली उतरवता येतात. पण अटलांटिकच्या वादळी लाटा नेहमीच्या उंचीवर टांगलेल्या बोटींपर्यंत पोहोचू शकतात, आणि ऐन वेळी लागणारी बोटच मोडली तर नियम पाळून उपयोग काय? म्हणून खास परवानगी घेऊन मेरीच्या लाइफबोटी पाण्यापासून सुमारे २५ मीटर उंचीवर बसवण्यात आल्या. दोन्ही जहाजांचे बाजूने काढलेले फोटो शेजारी ठेवले तर ही खूण चटकन सापडते. त्याच फोटोत आणखी एक गोष्ट दिसेल. मेरीच्या खालच्या मजल्यांवरच्या बाल्कन्या पोलादी भिंतीत चौकोनी खिडक्या कापाव्यात तशा आहेत. वाऱ्यापावसापासून आडोसा मिळतो खरा, पण खुर्चीत बसलं की समुद्राऐवजी पोलादी कठडाच समोर येतो. तिकीट काढताना स्वस्त बाल्कनी का मिळतेय, त्याचं उत्तर कधीकधी हे असतं.

आणि धुराडं? ते एवढ्या मोठ्या जहाजाला जरा बुटकं वाटतं. न्यूयॉर्कच्या तोंडाशी असलेल्या व्हेराझानो-नॅरोज पुलाखालून जाता यावं म्हणून त्याची उंची आखडती घेतली आहे.

मेरी फ्रान्समधल्या सेंट-नाझेर इथे बांधली गेली. या बांधणीला एक काळी बाजू आहे, जी झगमगीत व्हिडिओंमध्ये सहसा येत नाही. १५ नोव्हेंबर २००३ रोजी, काम संपत आलं असताना, जहाजावर जाण्याचा तात्पुरता पूल कोसळला आणि १६ जणांचा जीव गेला. त्यात जहाज बघायला आलेले कामगारांचे नातेवाईक होते.

एलिझाबेथची गोष्ट साधी आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. इटलीतल्या मोनफाल्कोने इथल्या गोदीत, आधीपासून सिद्ध झालेल्या क्रूझ जहाजाच्या आराखड्यावरून ती तयार झाली. तिची मापं ठरवली ती एका कालव्याने. पनामा कालव्याच्या जुन्या लॉकमधून जाणाऱ्या जहाजाला साधारण २९४ मीटर लांबी आणि ३२.३ मीटर रुंदी एवढीच मर्यादा होती. एलिझाबेथ आहे २९४ मीटर लांब आणि ३२.३ मीटर रुंद. मेरी ३४५ मीटर लांब आणि ४१ मीटर रुंद, त्यामुळे तो रस्ता तिला बंदच होता. कालव्याचे नवे, मोठे लॉक २०१६ मध्ये सुरू झाले, तोवर दोन्ही जहाजं पाण्यात उतरून बरीच वर्षं झाली होती. शिवाय मेरी पाण्यात सुमारे दहा मीटर खोल बुडालेली असते, एलिझाबेथ आठच्या आसपास. उथळ बंदरात शिरायचं तर हे दोन मीटर फार महाग पडतात. अलास्का, जपान, ऑस्ट्रेलिया अशा फिरत्या मोसमांसाठी एलिझाबेथ सोयीची ठरली ती यामुळेच.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मेरी ‘सुमारे १ लाख ४९ हजार टन’ आणि एलिझाबेथ ‘सुमारे ९१ हजार टन’ असं सगळीकडे वाचायला मिळतं. हे वजन नाही. ‘ग्रॉस टनेज’ म्हणजे जहाजाच्या आतल्या एकूण जागेवरून काढलेला आकडा. नावात टन असलं तरी त्याचा तराजूशी संबंध नाही. या आकड्याचा प्रवाशाला उपयोग असा : मेरीवर सुमारे २,७०० प्रवासी, एलिझाबेथवर सुमारे २,१००. जागा दीडपटीहून जास्त, माणसं मात्र त्या मानाने कमी वाढलेली. म्हणून मेरीवर प्रवाशांना ऐसपैस वाटतं.

प्रवास म्हणून काय वेगळं मिळतं? मेरीवरच्या अटलांटिक सफरीत सलग आठवडाभर जमीनच दिसत नाही. ज्याला रोज नवं गाव बघायचंय त्याने या वाटेला जाऊ नये. पण तिच्यावर तारांगण आहे, आणि कुत्र्या-मांजरांसाठी खास खोल्या आहेत. तिथे इंग्लंडचा दिव्याचा खांब आणि न्यूयॉर्कचा अग्निशमनाचा नळ असं दोन्ही ठेवलंय, म्हणजे दोन्ही देशांच्या कुत्र्यांची सोय! एलिझाबेथवर काचेच्या छताचं गार्डन लाउंज, खासगी बॉक्स असलेलं थिएटर आणि वळणदार जिन्याचं दुमजली ग्रंथालय आहे. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी : तुम्ही कुठल्या रेस्टॉरंटमध्ये जेवायचं, हे तुमच्या खोलीच्या दर्जावर ठरतं. जुन्या लायनरवरच्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाची ती सौम्य झालेली आठवण म्हणायची.

राहिला नावाचा घोळ. मेरीच्या नावात ‘२’ आहे, कारण १९३६ ची मूळ क्वीन मेरी कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला अजून उभी आहे. तिचा एक भोंगा नव्या मेरीवर बसवलेला आहे. एलिझाबेथ मात्र या नावाच्या मालिकेतलं तिसरं जहाज. पहिलं १९७२ मध्ये हाँगकाँगच्या बंदरात जळालं. दुसरं, म्हणजे ‘क्यूई२’, २००८ मध्ये निवृत्त झालं आणि २०१८ पासून दुबईच्या पोर्ट रशीदमध्ये हॉटेल म्हणून सुरू आहे. दुबईला गेल्यावर ज्या जहाजासमोर उभं राहून फोटो काढले जातात ते हे, क्वीन एलिझाबेथ नव्हे.