गळ्यात कॅमेरा, गाठीला पाचशे डॉलर

गळ्यात कॅमेरा, पुढे झेंडा धरलेला गाइड आणि दिसेल त्या पुतळ्यापाशी खटाखट फोटो. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य व्यंगचित्रांतला जपानी पर्यटक हा असाच असायचा. ‘हे लोक डोळ्यांनी काही बघतच नाहीत,’ असं म्हणून लोक हसत. आज हाच टोमणा मोबाइलवाल्या आपल्या पिढीला बसतो. म्हणून त्यामागचा इतिहास माहीत असलेला बरा.

सुरुवातीला चित्र उलटं होतं. १८५७च्या उठावानंतर लखनौच्या भग्न इमारतींचे फोटो काढणारा फेलिचे बेआतो १८६३मध्ये योकोहामाला पोचला. सामुराई, फुजी पर्वत, किमोनोतल्या बायका यांचे फोटो काढून, ते हातानं रंगवून तो विकू लागला. पुढे कुसाकाबे किंबेईसारख्या जपानी छायाचित्रकारांनीही हा धंदा भरभराटीला आणला. गिऱ्हाईक बहुतेक परदेशी प्रवासी. म्हणजे अल्बममध्ये भरून जपान घरी नेण्याची हौस आधी पाश्चात्त्यांची!

जपानी माणसाला मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर बरीच वर्षं मौजेखातर परदेशी जाताच येत नव्हतं. देशाकडे परकीय चलन तुटपुंजं होतं. १ एप्रिल १९६४ रोजी ही बंदी उठली, तीही अटींसह: वर्षातून एकच सहल आणि सोबत जास्तीत जास्त ५०० डॉलर. तेव्हा एक डॉलर म्हणजे ३६० येन. पुन्हा जायला मिळेल याची खात्री कुणाला होती?

शिवाय प्रवासी एकटा नसे. निघताना आप्तेष्ट त्याच्या हातावर ‘सेम्बेत्सु’ म्हणजे निरोपाचे पैसे ठेवत आणि परतताना त्यानं सगळ्यांसाठी भेटी आणायच्या. ही रीत जुनीच. पूर्वी गावकरी वर्गणी काढून इसेच्या देवस्थानाला आपला प्रतिनिधी पाठवत आणि तो सगळ्यांसाठी तिथले ताईत घेऊन येई. अशा समाजात फोटो हा घरी राहिलेल्यांचा वाटा होता.

कॅमेराही आवाक्यात आला होता. १९५९चा ऑलिंपस पेन अर्ध्या आकाराच्या फ्रेममध्ये फोटो काढायचा, त्यामुळे ३६ फोटोंच्या रोलवर ७२ मावत. महागड्या फिल्मच्या दिवसांत हे मोठंच सुख. पुढे १९७७मध्ये कोनिकानं आपोआप फोकस होणारा कॅमेरा बाजारात आणला, आणि २०००मध्ये जपानमध्ये शार्पचा असा फोन आला, ज्यावर काढलेला फोटो तिथूनच ईमेलनं पाठवता येई. सहलीहून परतायच्या आधीच घरच्यांचा वाटा घरी पोचू लागला.

फोटोला जपानी शब्द आहे ‘शाशिन’: अक्षरशः सत्याची नक्कल. आपण छायाचित्र म्हणतो, म्हणजे सावलीचं चित्र. हसणाऱ्यांना त्या पर्यटकाची फक्त सावली दिसली. पाचशे डॉलरचा हिशेब आणि घरी वाट पाहणारी माणसं त्या व्यंगचित्रात कधी आलीच नाहीत.