२३ जानेवारी १९७५ : ‘बार्नी मिलर’चा पहिला भाग

अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर ‘बार्नी मिलर’ ही विनोदी मालिका सुरू झाली. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधले पोलिस ठाणे आणि तिथली डिटेक्टिव्हांची एक खोली, बहुतेक मालिका तिथेच घडली. पाठलाग, गोळीबार जवळपास नाहीच. टाइपरायटरवर अहवाल बडवायचे, डिटेक्टिव्ह निक येमानाने केलेली भिकार कॉफी कशीबशी घशाखाली उतरवायची आणि समोर बसलेल्याचे गाऱ्हाणे ऐकून घ्यायचे. पडद्यावरचा पोलिस आजही बहुधा बंदूक रोखूनच येतो; त्याची खरी नोकरी कागदांत आणि माणसांचे ऐकण्यात जाते, हे या मालिकेने फार आधी दाखवले. कृष्णवर्णीय, आशियाई, पोर्तो रिकन सहकारी तिथे बरोबरीने वावरले, तेही सत्तरच्या दशकात! मालिका १९८२ मध्ये संपली. त्याच वर्षी तिला सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा एमी पुरस्कार मिळाला.