मुंबईचे ‘पिलाहाऊस’ : करमणुकीच्या एका रस्त्याचा इतिहास

आपल्या लोणी-आंबेगाव-जुन्नर भागातून पोटापाण्यासाठी मुंबई गाठणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. कोणी गिरणीत साचा सांभाळला, कोणी गोदीत ओझी वाहिली, कोणी डोक्यावर जेवणाच्या डब्यांची पाटी घेतली. या कष्टकऱ्यांच्या मुंबईतील एक नाव सर्वांस ठाऊक होते. परंतु वडीलधाऱ्यांसमोर ते उच्चारण्याची सोय नव्हती. ते नाव ‘पिलाहाऊस’. शेजारच्या कामाठीपुऱ्याच्या वस्तीमुळे त्यास बट्टा लागला. वस्तुतः मराठी रंगभूमीच्या इतिहासात या स्थळाचा मान मोठा आहे. म्हणून त्याचा वृत्तान्त तरुण पिढीपुढे ठेवणे अगत्याचे वाटते.

‘पिलाहाऊस’ हा ‘प्ले हाऊस’ म्हणजे नाटकगृह या शब्दाचा लोकांनी केलेला अपभ्रंश होय. फोर्टातील मैदानाजवळ इंग्रजांनी १७७६ साली एक नाटकगृह बांधले होते. ते कर्जात बुडून १८३५ साली विकले गेले. पुढे नव्या नाटकगृहासाठी खटपट करणाऱ्यांत नाना शंकरशेट प्रमुख होते. त्यांनी ग्रँट रोडवरील स्वतःची जागा दिली व १८४६ साली तेथे नाटकगृह उघडले. मात्र फोर्टापासून ही जागा लांब पडे. त्यामुळे साहेबलोकांची वर्दळ हळूहळू रोडावली आणि इंग्रजी खेळांसाठी उभारलेली वास्तू एतद्देशीय प्रेक्षकांची झाली.

१८५३ हे वर्ष या दृष्टीने संस्मरणीय आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस राजाश्रयाखाली ‘सीतास्वयंवर’ सादर केले होते. १८५१ साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन निवर्तले आणि तो आश्रय तुटला. भावे आपली मंडळी घेऊन बाहेर पडले व १८५३ साली ग्रँट रोडच्या रंगमंचावर त्यांचे मराठी खेळ झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बोरीबंदर-ठाणे आगगाडी सुरू झाली आणि ऑक्टोबरमध्ये पारशी मंडळींनी याच नाटकगृहात आपला खेळ केला. राजाचा आश्रय गेला तरी तिकीट काढणाऱ्या सामान्य माणसाचा आश्रय नाटकास लाभला, हाच या रस्त्याच्या इतिहासाचा गाभा होय.

पुढे कापडगिरण्या वाढल्या आणि हा आश्रयदाताही वाढला. परिसरात आणखी नाटकगृहे उभी राहिली, पारशी कंपन्या भरभराटीस आल्या. देशावरचा गिरणीकामगार आला, त्याच्यामागून ढोलकी आली. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या लावणीने मुंबईकरांस वेड लावले. विसाव्या शतकात चित्रपट आला. १९३१ साली तो बोलू लागला आणि येथील नाटकगृहांची चित्रपटगृहे झाली. १९८२च्या गिरणीसंपानंतर गिरणगाव ओस पडत गेले, तेव्हा या रस्त्याचा मोठा आधारच खचला. शंकरशेटांचे ते मूळ नाटकगृह आज अस्तित्वात नाही. नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले.

या इतिहासातील एक गोष्ट मनास टोचते. ज्या हातांनी तिकिटाचे पैसे मोजले, त्याच हातांनी कलावंतास मान देताना आखडते घेतले. ब्राह्मण कुळात जन्मून तमाशात गेलेल्या पठ्ठे बापूरावांचा अंतकाळ विपन्नावस्थेत गेला. आपल्याच जुन्नर तालुक्यातील नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग यांना १९५७ व १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. तथापि २००२ साली त्या निवर्तल्या, तत्पूर्वीचे त्यांचे दिवस हलाखीचे होते.

हा विषय आपल्या दाराशीच आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची मंडळी यात्रेची सुपारी ठरविण्यास तेथे जातात. त्यांत आपलेही ज्ञातिबांधव असतात. ठरलेली बिदागी वेळेवर पुरती द्यावी, फडातील स्त्रियांच्या निवाऱ्याची व पाण्याची व्यवस्था आधी पाहावी आणि फडमालकास चार लोकांत सन्मानाने बसवावे, एवढे केले तरी जुन्या ऋणाची अंशतः फेड होईल.

तसेच ज्यांच्या घरी मुंबईत राहिलेले वृद्ध असतील, त्यांनी त्यांच्याकडून पिलाहाऊसच्या आठवणी संकोच न बाळगता विचारून लिहून ठेवाव्यात. कष्टकऱ्यांच्या घामाचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या हसण्याचा इतिहास सांगताना मान खाली घालण्याचे कारण नाही.