रणगाड्याचा बोर्ड आणि वावरातली मोटर

रिमोटवर चालणारा छोटा रणगाडा वावराच्या धुऱ्यापाशी अडकला, की सल्ला ठरलेला असतो. कंपनीचा बोर्ड काढून टाका, भारीतला बसवा, बॅटरी मोठी लावा. खामगाव-शेगावकडच्या हौशी पोरांमध्ये हे मत इतकं रुजलंय की गाडी उघडल्यावर मोटर आणि गिअरकडे कुणी बघतही नाही. मला हे मत साफ अमान्य आहे.

पूर्वपक्षात तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. १:१६ प्रमाणातल्या जुन्या मॉडेलांत २७ किंवा ४० मेगाहर्ट्‌झचा रेडिओ असायचा. मैदानात त्याच लहरीवरची दुसरी गाडी आली की दोघांचे हुकूम एकमेकांत मिसळायचे. २.४ गिगाहर्ट्‌झचा संच आपल्या रिसीव्हरशी ओळख बांधून घेतो, त्यामुळे हा गोंधळ होत नाही. शिवाय भारतात २००५पासून या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या उपकरणांना परवाना लागत नाही. तेव्हा रेडिओ जुना असेल तर तो जरूर बदलावा. इंजिनीअरिंगची मुलं एल-२९८ चिपचा स्वस्त ड्रायव्हर वापरतात, तोही बदलावा. बॅटरीच्या ७.४ व्होल्टांपैकी दोनेक व्होल्ट ती चिप स्वतःच खाते आणि तेवढ्याची उष्णता करते. मॉस्फेटचा ड्रायव्हर हे नुकसान जवळजवळ संपवतो. इथवर आमचं भांडण नाही.

वाद पुढे सुरू होतो. ‘दम बोर्डातून येतो’ हे गृहीतकच चूक आहे. बोर्ड दम देत नाही, तो फक्त करंटचं दार उघडतो आणि मिटतो, सेकंदाला शेकडो-हजारो वेळा. किती करंट ओढायचा हे मोटर ठरवते, आणि मोटरला ते ठरवायला लावतं तिच्यावरचं ओझं. बॅटरीचंही तसंच. मिलीअँपिअर-अवर वाढवणं म्हणजे विहीर खोल करणं. पंप जास्त वेळ चालेल, पण त्यामुळे पाण्याची धार काही जोरात पडणार नाही. ‘मोठ्या बॅटरीनं मोटर जळते’ ही उलट बाजूची भीतीही म्हणूनच खोटी. व्होल्ट तेवढेच असतील तर मोठ्या विहिरीनं पंप जळत नाही.

मग मोटर जळते कशानं? फिरणारी मोटर स्वतःच उलट्या दिशेचा विद्युतदाब तयार करते आणि तो दाब करंटला आवरून धरतो. चाक अडलं की हा आवर नाहीसा होतो, उरतो फक्त तांब्याच्या वाइंडिंगचा विरोध. समजा तो अर्धा ओहम आहे. ७.४ व्होल्टांवर जवळपास १५ अँपिअर वाहतील. मोकळी फिरताना हीच मोटर एखादा अँपिअरही घेत नाही.

आता आपली माती बघा. नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. पहिल्या पावसानंतर इथली काळी चोपण माती पट्ट्याच्या कड्यांमध्ये भरते आणि निघता निघत नाही. रणगाड्याला जागच्या जागी वळताना एक पट्टा पुढे आणि दुसरा मागे फिरवावा लागतो, म्हणजे अख्खी गाडी त्या गाऱ्यात आडवी घासली जाते. करंट शिखराला पोचतो तो नेमका याच क्षणी. परदेशी कारखान्यात गुळगुळीत फरशीसाठी आखलेला बोर्ड इथे मान टाकतो आणि आपण बोर्डाला दोष देतो.

दोष बोर्डाचा नसतो. शेतकऱ्याला हे कधीच कळलेलं आहे. इंपेलरमध्ये गाळ अडकला की पंपाची मोटर गुणगुणते, तापते आणि स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले ट्रिप होतो. शहाणा माणूस पंप वर काढून गाळ साफ करतो. जो रिले बायपास करून बटण दाबतो, तो दुसऱ्या दिवशी वाइंडिंगवाल्याच्या दारात उभा असतो. ४३ अँपिअर सोसणारा बोर्ड बसवून गाडी तशीच गाऱ्यात घालणं म्हणजे हाच बायपास आहे. आधी बोर्ड जळायचा, आता मोटर जळेल. माझ्या स्वतःच्या गाडीच्या दोन मोटरी मी अशाच घालवल्या, आणि दोन्ही वेळा आणखी मोठा बोर्ड घ्यायला निघालो होतो.

उपाय गिअरबॉक्समध्ये आहे. गती निम्मी करणारे गिअर घातले, की त्याच ओझ्याला मोटरला साधारण निम्माच करंट पुरतो. ‘मग गाडी मंद होईल’ हा आक्षेप येणारच. टी-७२ रणगाडा रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर धावतो. त्याला १६नं भागा, पावणेचार किलोमीटर येतात, म्हणजे माणसाच्या संथ चालीएवढे. त्याहून जोरात पळणारं मॉडेल रणगाड्यासारखं दिसतच नाही.

खऱ्या रणगाड्यांचा दाखलाही माझ्या बाजूनं आहे. भारतीय टी-७२ला रात्री बघणाऱ्या थर्मल दुर्बिणी मिळाल्या, तरी त्याचं ७८० अश्वशक्तीचं इंजिन जुनंच होतं. मार्च २०२५मध्ये संरक्षण मंत्रालयानं १००० अश्वशक्तीच्या इंजिनांसाठी रशियाशी २४ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. डोळे सुधारून पायांचा दम वाढत नाही, हे तिथे ओळखलं गेलं.

हे झालं पावसाळ्यातल्या मोटरचं. उन्हाळ्यात जपायची ती बॅटरी. बुलडाणा शहर घाटावर, तिथे हवा बरी. खाली मलकापूर-शेगावला मे महिन्यात पारा ४४-४५च्या घरात जातो, आणि लिथियम बॅटरी चार्ज करण्याची नेहमीची मर्यादाच ४५ अंशांची आहे. पत्र्याच्या खोलीत दुपारी चार्जर लावू नये, पहाटे लावावा.

खर्च करण्याआधी बॅटरीच्या तारेत दहा अँपिअरचा फ्यूज टाका, गाडी गाऱ्यात घाला आणि जागच्या जागी वळवा. फ्यूज उडाला तर गिअर बदला, पट्टे सैल करा, बुशिंगच्या जागी बेअरिंग घाला. माझ्या गाडीत आज पोलादी गिअर आहेत, नवा रेडिओ आहे आणि बोर्ड आहे तो कंपनीचाच. गेल्या पावसाळ्यात ती नांदुऱ्याच्या वावरात फिरली. फ्यूज शाबूत आहे.