होडीतला संडास आणि उलटं येणारं पाणी

मागच्या शनिवारी एक मित्र आमच्या देहूच्या घरी गच्च बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी घेऊन हजर झाला. आत होडीतल्या संडासाचा हातपंप! आईने दारातूनच फर्मान काढलं, "ते थेट गच्चीवर न्या. आणि नंतर आंघोळ केल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही."

मित्राची मुंबईला चौघांत मिळून एक जुनी शिडाची होडी आहे. तक्रार अशी, की पंप मारून भांडं रिकामं केलं तरी तासाभरात तीन-चार बोटं पाणी परत येतं. मी म्हटलं, "वॉशर बदल आणि विषय संपव." तो म्हणाला, "अरे, हे भांडं समुद्राच्या पातळीखाली आहे." तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

घरातल्या संडासाला पंप लागत नाही, कारण पाणी आपणहून खाली जातं. समुद्रकाठीही पूर्वी हाच हिशोब होता. शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. त्या किल्ल्याच्या तटात शौचकूप आहेत. चहूबाजूंनी समुद्र, पण बसायची जागा पाण्याच्या वर, त्यामुळे प्रश्न मिटला. युरोपातल्या शिडाच्या जहाजांवर खलाशांची सोय अगदी पुढच्या टोकाला, उघड्यावर असे. वारा मागून, म्हणून वास पुढे जाई आणि लाटा जागा धुऊन काढत. जहाजाचं डोकं म्हणजे 'हेड', म्हणून बोटीतल्या संडासाला आजही हेडच म्हणतात.

घोळ झाला तो संडास जहाजाच्या पोटात नेल्यावर. १७७५ साली अलेक्झांडर कमिंगने पाणी साठून राहणाऱ्या वाकड्या नळीचं पेटंट घेतलं. तीच कल्पना आज आपल्या घरोघरी आहे. होडीत मात्र ती चालत नाही, कारण होडी कलली की नळीतलं पाणीही हलतं आणि बाहेरचा समुद्र आत यायला टपलेलाच असतो. १७७८ साली जोसेफ ब्रामाने भांड्याच्या तळाशी बिजागरीची झडप बसवली. त्याचे संडास पुढे शंभर वर्षं बनत राहिले, आणि नंतर नंतर ते मुख्यतः बोटींवरच वापरले गेले. गंमत म्हणजे हायड्रॉलिक प्रेसचं १७९५ चं पेटंटही याच गृहस्थाचं. भोसरी-चाकणच्या शॉपमध्ये दिवसरात्र चालणाऱ्या प्रेसचा आणि आमच्या गच्चीवरच्या पिशवीचा मूळ पुरुष एकच!

हसण्यावारी नेऊ नका, या झडपांपायी माणसं गेली आहेत. १४ एप्रिल १९४५ रोजी स्कॉटलंडजवळ यू-१२०६ या जर्मन पाणबुडीत संडासाच्या वाटेने समुद्राचं पाणी आत शिरलं. चूक माणसाची की यंत्राची, याबद्दल दोन मतं आहेत. पाणी खालच्या बॅटऱ्यांवर पडलं, विषारी क्लोरीन वायू झाला, पाणबुडीला वर यावं लागलं आणि विमानांनी तिला गाठलं. चार जण मेले, पाणबुडी बुडाली.

तर आमचं डीबगिंग. असं पाणी दोनच वाटांनी येऊ शकतं, समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या पाइपातून किंवा घाण बाहेर नेणाऱ्या पाइपातून. मित्राने आत घेणारा कॉक बंद करून पाहिला होता, तरी पाणी चढलं, तेही गढूळ. म्हणजे बग बाहेरच्या वाटेवर. तिथे बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप असते, जॉकर व्हॉल्व्ह. पंप खोलला, तर चोचीत पांढरा दगडासारखा थर. लघवी आणि खारं पाणी एकत्र आलं की हा क्षार धरतो. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवल्यावर थर निघाला, पण रबर ताठ झालेलं, ओठ मिटेनात. नवीन मागवण्याला पर्याय नव्हता.

"तोवर होडी तशीच?" मी विचारलं. तो जरा वरमला. गेल्या महिन्यात ते दोन्ही कॉक उघडे ठेवून घरी आले होते, आणि होडी आठवडाभर तशीच उभी होती. बाहेरचा पाइप पाण्याच्या पातळीवर उंच वळवलेला होता, वळणाच्या माथ्यावर हवा घेणारी छोटी झडप होती, म्हणून वाचले. ती झडप क्षाराने बंद झाली असती तर पाइपाने समुद्र ओढायला सुरुवात केली असती आणि होडी जागच्या जागी बुडाली असती. आता त्याने संडासाच्या दारावर चिठ्ठी लावली आहे: काम झालं की दोन्ही कॉक बंद.

होडीत प्रत्येक वेळी पंधरा-वीस दांडे मारावे लागतात, म्हणून घाण कुठे जाते हे विसरता येत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या मोठ्या जहाजांना तर २००३ पासून नियम आहे, प्रक्रिया न केलेलं मैलापाणी किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत सोडायचं नाही. आपण घरात बटण दाबतो आणि विषय संपतो. पण इंद्रायणीकाठच्या वस्त्यांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी नदीत जातंच, आणि आळंदीला पाण्यावर फेस आला की पेपरात फोटो येतो.

संध्याकाळी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "आणि मघाशी गच्चीवर पंप धुतलात, ते पाणी कुठे गेलं?"

उत्तर मला माहीत नव्हतं. या शनिवारी आमच्या सोसायटीच्या ड्रेनेजचा नकाशा शोधतोय :)