एकशे दहा तास आणि दोनशे आठ मतं

२३ ऑक्टोबर २०२४, मतमोजणीला एक महिना

मुंबईत महाविकास आघाडीच्या नेत्यांनी पत्रकार परिषद घेतली. काँग्रेस ८५, शिवसेना (उद्धव ठाकरे) ८५, राष्ट्रवादी (शरद पवार) ८५, असं सूत्र जाहीर झालं आणि २७० जागांवर एकमत झाल्याचं सांगण्यात आलं. ८५ ची तिप्पट २५५ होते. विधानसभेच्या जागा २८८. उरलेल्या जागांचं काय, याचं नीट उत्तर त्या दिवशी कोणाकडे नव्हतं.

व्यासपीठावर प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष नाना पटोले होते. त्याआधीचे काही दिवस विदर्भातल्या जागांवरून त्यांची आणि ठाकरेंच्या शिवसेनेचे संजय राऊत यांची उघड जुंपली होती आणि बोलणी पुढे नेण्यासाठी काँग्रेसच्याच बाळासाहेब थोरातांना मध्ये पडावं लागलं होतं. विदर्भ हा काँग्रेसचा जुना गड आणि पटोले विदर्भाचे, त्यामुळे त्यांचा आग्रह मला चुकीचा वाटत नाही. पण आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली होती. समोरचे उमेदवार गावं पालथी घालत असताना इथे अजून जागा मोजणं चाललं होतं.

४ नोव्हेंबर, दुपारी ३, मतमोजणीला साधारण ४५० तास

अर्ज मागे घेण्याची मुदत संपली. शेवटच्या क्षणी कोल्हापूर उत्तरच्या काँग्रेस उमेदवार मधुरिमाराजे छत्रपती यांनी माघार घेतली आणि त्या मतदारसंघात मतयंत्रावर हाताचा पंजाच राहिला नाही. त्याच दिवशी निवडणूक आयोगाने पोलीस महासंचालक रश्मी शुक्ला यांना पदावरून दूर केलं. ही मागणी पटोलेंनी लावून धरली होती, म्हणून हा त्यांचा विजय ठरला. त्या दिवसाचं खरं नुकसान मात्र कोल्हापुरात झालं होतं.

१८ नोव्हेंबर, सायंकाळी ६, उरले ११० तास

प्रचाराचे भोंगे बंद झाले. पटोलेंच्या भंडारा जिल्ह्यात हे दिवस धानाचे. हलका धान घरी आलेला, भारी धान बांध्यांत नाहीतर पुंजण्यांत. दिवाळीनंतरच्या मंडया गावोगाव भरत होत्या आणि रात्री झाडीपट्टीची नाटकं रंगत होती. या हंगामात इथल्या शेतकऱ्याशी दोनच गोष्टी बोलता येतात, धानाचा भाव आणि बोनस. सरकारने हेक्टरी २० हजार रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, आधीच देऊ केले होते. लाडकी बहीण योजनेतून जुलैपासूनचे महिन्याला १५०० रुपये बहिणींच्या खात्यावर जमा होत होते. महाविकास आघाडी महालक्ष्मी योजनेतून ३००० रुपये देऊ म्हणत होती. पण एकीकडे हातात पडलेले पैसे होते आणि दुसरीकडे नुसता शब्द.

साकोली, लाखनी आणि लाखांदूर या तीन तालुक्यांच्या साकोली मतदारसंघात पटोलेंसमोर भाजपचे अविनाश ब्राह्मणकर उभे होते. प्रदेशाध्यक्ष म्हणून पटोलेंना राज्यभर फिरावं लागलं. ब्राह्मणकरांना राज्य पाहायचं नव्हतं.

१९ नोव्हेंबर, शांततेचा दिवस

या दिवशी भाषणं बंद असतात, तेव्हा पटोलेंचा मागचा प्रवास पाहून घेऊ. तो पाहिल्याशिवाय २३ तारखेचा अर्थ लागणार नाही.

पटोले शेतकरी कुटुंबातले. भंडारा जिल्हा परिषदेतून ते पुढे आले आणि १९९९ व २००४ मध्ये काँग्रेसतर्फे लाखांदूरचे आमदार झाले. पुढे काँग्रेसशी बिनसलं आणि २००९ ची लोकसभा त्यांनी भंडारा-गोंदियातून अपक्ष लढवली, थेट राष्ट्रवादीच्या प्रफुल्ल पटेलांविरुद्ध. ते हरले, पण दुसरे आले आणि अपक्ष असून दोन लाखांवर मतं घेतली. पुनर्रचनेत लाखांदूर मतदारसंघ संपला होता, म्हणून त्याच वर्षी ते साकोलीतून भाजपतर्फे उभे राहिले आणि साठ हजारांहून जास्त मतांनी जिंकले. २०१४ मध्ये त्याच प्रफुल्ल पटेलांना त्यांनी १,४९,२५४ मतांनी पाडलं. मोदी लाट होती हे खरं, पण देशाच्या मंत्र्याला त्याच्याच घरात गाठणारा हा माणूस आधीच्या निवडणुकीत अपक्ष म्हणून त्याच्याशी झुंजलेला होता, हे विसरता येत नाही.

८ डिसेंबर २०१७ रोजी शेतकऱ्यांच्या प्रश्नावर त्यांनी खासदारकी आणि भाजप दोन्ही सोडलं. सत्तेत असताना, मुदत शिल्लक असताना, स्वतःच्या पंतप्रधानांवर टीका करून बाहेर पडणारे खासदार या देशात किती निघतील? मला त्यांच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. भंडाऱ्याच्या धान उत्पादकाला आपला कोणीतरी दिल्लीत बोलला असं त्या वेळी वाटलं. २०१८ च्या पोटनिवडणुकीत भाजपने ही जागा गमावली. २०१९ मध्ये पटोले नागपुरात नितीन गडकरींसमोर उभे राहिले, दोन लाखांहून जास्त मतांनी हरले आणि काही महिन्यांत साकोलीतून राज्यमंत्री परिणय फुके यांना ६,२४० मतांनी हरवून विधानसभेत पोचले. १ डिसेंबर २०१९ रोजी ते बिनविरोध विधानसभा अध्यक्ष झाले. जानेवारी २०२० मध्ये ओबीसींच्या जातनिहाय जनगणनेचा ठराव त्यांनी अध्यक्षाच्या खुर्चीवरून मांडला आणि सभागृहाने तो मंजूर केला.

मग ४ फेब्रुवारी २०२१ उजाडला. पटोलेंनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी ते प्रदेशाध्यक्ष झाले. विधानसभेचं अध्यक्षपद जवळपास सतरा महिने रिकामं राहिलं. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा द्यायला अध्यक्ष नव्हता, उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ होते, आणि त्यांच्याच अधिकारावर वाद उभा राहिला. ३ जुलै २०२२ रोजी राहुल नार्वेकर अध्यक्ष झाले तोवर महाविकास आघाडीचं सरकार गेलेलं होतं. आघाडीतल्या मित्रांनी पुढे हा राजीनामा पटोलेंच्या नावावर मांडला. त्यांना दोष देताना पक्षश्रेष्ठींनीच त्यांना हलवलं हेही सांगायला हवं. पण एवढं खरं की संकटाचं घड्याळ त्या दिवसापासून चालू झालं.

खासदारकी सोडणं लोकांसाठी होतं, अध्यक्षपद सोडणं पक्षासाठी. पहिल्याचं फळ साकोलीने दिलं. दुसऱ्याची किंमत साऱ्या आघाडीने मोजली.

त्याच १९ तारखेला दोन स्फोट झाले. दिवसा विरारमध्ये भाजपचे विनोद तावडे यांच्यावर पैसे वाटल्याचा आरोप झाला, तो त्यांनी फेटाळला. रात्री पटोले आणि सुप्रिया सुळे यांच्यावर बिटकॉइनचा पैसा निवडणुकीत वापरल्याचा आरोप झाला, तो त्या दोघांनी फेटाळला. शांततेच्या दिवशी शांतता अशी उरली नाही.

२० नोव्हेंबर, सकाळी ७, उरले ७३ तास

मतदान सुरू झालं. राज्याची आकडेवारी अशी येत गेली: सकाळी ९ ला ६.६१ टक्के, ११ ला १८.१४, दुपारी १ ला ३२.१८, ३ ला ४५.५३. शेजारच्या अर्जुनी मोरगावसारख्या नक्षलग्रस्त भागात तीनलाच मतदान संपलं. साकोलीत सहापर्यंत होतं.

सायंकाळी ५, उरले ६३ तास

५८.२२ टक्के.

रात्री ११.३०

६५.०२ टक्के. अंतिम आकडा ६६.०५. राज्यात मतदार ९ कोटी ७० लाख. पाचचा आकडा आणि अंतिम आकडा यांतला फरक सुमारे ७६ लाख मतांचा. पुढे पटोलेंनी हाच प्रश्न सर्वांत मोठ्याने विचारला. आयोगाने उत्तर दिलं की पाचचा आकडा तात्पुरता असतो, रांगेत उभ्या असलेल्यांना मतदान करू दिलं जातं आणि मतदान संपताच बूथवरच्या मतांची नोंद असलेला फॉर्म १७-सी प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला मिळतो. प्रश्न विचारण्याचा हक्क पक्षाला होता आणि आयोगाने आणखी मोकळेपणा दाखवायला हवा होता, असं माझं मत आहे. पण त्याच मताचा दुसरा भाग असा की १७-सी हातात घेऊन बूथवर बसणारा कार्यकर्ता पक्षाकडे असेल तर तो कागद बोलतो. किती बूथवर असा कार्यकर्ता होता, हे काँग्रेसने आधी स्वतःला विचारायला हवं होतं.

मतदान संपल्यावर एक्झिट पोल आले. बहुतेकांनी सत्ताधारी महायुतीला पुढे दाखवलं. पटोले मात्र म्हणाले की काँग्रेसच्या नेतृत्वाखाली सरकार येईल.

२१ आणि २२ नोव्हेंबर

राऊतांनी त्यावर लगेच हरकत घेतली. तसं असेल तर काँग्रेसच्या श्रेष्ठींनी जाहीर करावं, असा त्यांचा सूर होता. निवडून येणाऱ्या आमदारांना एकत्र कसं ठेवायचं यावरही खल झाला. या दोन दिवसांबद्दल आणखी काही लिहिण्यासारखं नाही.

२३ नोव्हेंबर, सकाळी ८

टपाली मतं उघडली. साडेआठला यंत्रं. दुपार व्हायच्या आत महायुती बहुमताच्या १४५ या आकड्याच्या कितीतरी पुढे निघून गेली. काँग्रेसचं एकेक नाव पडत गेलं. १९८५ पासून संगमनेर राखणारे बाळासाहेब थोरात १०,५६० मतांनी हरले. कराड दक्षिणेत माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण ३९,३५५ मतांनी हरले. तिवसा यशोमती ठाकूर यांच्या हातून गेलं.

आणि साकोली हेलकावे खात राहिली. ज्याने एकदा साठ हजारांचं मताधिक्य पाहिलं होतं, तो प्रदेशाध्यक्ष आता शेकड्यांत मोजत होता. अखेर पटोले ९६,७९५, ब्राह्मणकर ९६,५८७. फरक २०८. २०१९ मध्ये पटोलेंना ९५,२०८ मतं होती, म्हणजे त्यांची स्वतःची मतं घटली नाहीत, उलट थोडी वाढली. विरोधातली मतं त्याहून वेगाने वाढली. जून २०२४ मध्ये याच भागात काँग्रेसचे प्रशांत पडोळे ३७,३८० मतांनी खासदार झाले होते. साडेपाच महिन्यांत तो वारा कुठे गेला, याचं उत्तर मला मुंबईच्या बैठकांपेक्षा लाखांदूरच्या धानाच्या बांधीत आणि बहिणीच्या बँक पासबुकात सापडतं.

रात्रीपर्यंत

भाजप १३२, शिवसेना (शिंदे) ५७, राष्ट्रवादी (अजित पवार) ४१. समोर ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. काँग्रेसने १०१ जागा लढवल्या होत्या. जूनमध्ये लोकसभेला १७ पैकी १३ जिंकणाऱ्या या पक्षाची राज्य स्थापनेपासूनची ही सर्वांत वाईट कामगिरी. विरोधी पक्षनेतेपदासाठी लागणाऱ्या २९ जागा एकाही पक्षाकडे उरल्या नाहीत. भंडारा जिल्ह्यात २०१९ चेच तिघे पुन्हा निवडून आले: तुमसरमधून राजू कारेमोरे, भंडाऱ्यातून नरेंद्र भोंडेकर, साकोलीतून पटोले. त्यांतले दोघे महायुतीचे.

ज्या प्रदेशाध्यक्षाला स्वतःचा मतदारसंघ २०८ मतांनी राखावा लागतो, त्याच्या पक्षाचा पराभव एका संध्याकाळच्या मतदानात शोधू नये, असं मला ठामपणे वाटतं. लोकसभेचा विजय गावपातळीवर मुरवायला काँग्रेसला जून ते ऑक्टोबर असे जवळपास पाच महिने मिळाले होते, आणि ते जागावाटपात व मुख्यमंत्रिपदाच्या बोलण्यात गेले. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी पक्षाने पटोलेंच्या जागी बुलढाण्याचे हर्षवर्धन सपकाळ यांना प्रदेशाध्यक्ष नेमलं.