सॉफ्टवेअर एंजिनिअरिंग लॅबोरेटरी

सॉफ्टवेअर-निर्मितीची प्रक्रिया मोजमापाच्या आधारे सुधारण्यासाठी अमेरिकेत उभी राहिलेली संशोधन-संघटना. नासाचे गॉडर्ड अवकाश उड्डाण केंद्र, मेरिलंड विद्यापीठ आणि कॉम्प्युटर सायन्सेस कॉर्पोरेशन यांनी ती १९७६ मध्ये स्थापन केली. व्हिक्टर बॅसिली व फ्रँक मॅकगॅरी हे तिचे प्रमुख प्रवर्तक होत. उपग्रहांच्या उड्डाणगतिकीचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्यक्ष प्रकल्पांतून श्रमाचे तास, आढळलेल्या चुका, केलेले बदल आणि कोडचा आकार यांच्या नोंदी ठरावीक तक्त्यांत गोळा केल्या जात.

‘ध्येय–प्रश्न–मापक’ ही बॅसिली यांची पद्धत याच कामातून आकाराला आली. तीत आधी ध्येय ठरवतात (उदा., चुका कमी करणे), मग प्रश्न मांडतात (चुका कोणत्या टप्प्यात शिरतात?) आणि उत्तरासाठी लागतील तेवढीच मापे घेतात (टप्पानिहाय चुकांची संख्या). एका प्रकल्पातील निष्कर्ष पुढच्या प्रकल्पांना पुरवणाऱ्या व्यवस्थेला ‘अनुभव-कारखाना’ म्हणतात.

प्रक्रिया-सुधारणेसाठीचा आयईईई कॉम्प्युटर सोसायटीचा पहिला पुरस्कार या संघटनेला १९९४ मध्ये मिळाला. मोजमाप माणसांना जोखण्यासाठी नसून काम समजून घेण्यासाठी असते, ही दृष्टी हे तिचे मोलाचे योगदान होय.